प्रिन्सेस स्ट्रीटचं डिप सर्कल: तीन महिने वापरून

मार्चमध्ये मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका दुकानातून मी डिप सर्कल, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत किती तिरकं उतरतं ते मोजायचं यंत्र, विकत घेतलं. लाकडी पेटीसकट ३,४०० रुपये. घ्यावं का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हो असंच आहे. पण पेटीतून काढून घरातल्या टेबलावर ठेवलंत तर ते चुकीचा आकडा दाखवेल, आणि सुई इतकी शांतपणे स्थिरावते की आकडा चुकलाय अशी शंकाही येणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी ३१ वर्षं एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक होते. पुस्तकात या यंत्राला नतिवृत्त म्हणतात, लॅबमध्ये तसं कोणी म्हणत नाही. होकायंत्राची सुई आडवी फिरते आणि उत्तर दाखवते. डिप सर्कलची सुई उभ्या वर्तुळात फिरते, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या जागी जमिनीत किती तिरकं उतरतंय ते दाखवते. तो कोन म्हणजे नती. चुंबकीय विषुववृत्तावर सुई आडवी राहते, चुंबकीय ध्रुवावर सरळ उभी राहते, मधल्या प्रदेशात तिरकी. आमच्याकडे एक जुनं पितळी डिप सर्कल होतं. मी नोकरीला लागले तेव्हा मुलं त्यावर प्रयोग करायची. पुढे ते कपाटात गेलं, आणि दर दिवाळीच्या सुट्टीआधी मी ते पुसून परत ठेवायचे.

आता स्वतःच्या पैशांनी घ्यायचं कारण सई, माझ्या धाकट्या जावेची मुलगी. जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फेब्रुवारीत घाटात फील्डला जाऊन आली आणि रात्री जेवताना म्हणाली, "काकू, सर म्हणाले की ह्या काळ्या दगडात एक सुई गोठलेली असते. ती दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंश जमिनीत जाते, म्हणजे तो दगड झाला तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या खाली होता. सूत्र पाठ आहे माझं. पण मला ते दिसत नाही."

लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर "मला दिसत नाही" हे वाक्य ऐकून गप्प बसवत नाही. त्याच आठवड्यात मी प्रिन्सेस स्ट्रीट गाठली.

दुकानाबद्दल चांगलंच लिहायचं आहे. काचसामान, तराजू, सूक्ष्मदर्शक, सगळं छतापर्यंत रचलेलं. शेठ म्हणाले, "बेन, हे तर आता कोण मागत नाय," आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं. तीन पीस निघाले, थर्माकोलवर धुळीचा थर. तिन्ही उघडून बघू दिले, घाई केली नाही, पक्कं बिल दिलं. एका पीसची सुई अक्षावर अडकत होती, दुसऱ्याचं काचेचं दार नीट लागत नव्हतं. तिसरा मी घेतला.

माल अंबाल्याचा आहे. बैठक ॲल्युमिनियमची, खाली तीन लेव्हलिंग स्क्रू, मधे पाण्याची लेव्हल, त्यावर आडवी फिरणारी चकती. चकतीवर काचेच्या दारांची पेटी आणि तिच्यात उभं वर्तुळ, चार पाव भागांत ० ते ९० असे अंश कोरलेले. सुई सुमारे १० सेंटीमीटरची, तिचा बारीक अक्ष अकीकाच्या दोन धारांवर टेकतो. कोरीव काम स्वच्छ आहे, एक अंश सहज वाचता येतो, अर्धा नजरेनं ठरवावा लागतो. या किमतीत धारा गुळगुळीत निघाल्या याचं मला खरंच समाधान वाटलं, कारण तिथे खरखर असेल तर बाकी सगळं फुकट.

खोट दुसरीकडे निघाली. नवं चुंबकीय उपकरण आलं की एक छोटं होकायंत्र घेऊन त्याच्या भोवती फिरायचं ही लॅबची जुनी सवय. तिसऱ्या पायाशी होकायंत्राची सुई हलली. तो स्क्रू पितळेचा नव्हता, लोखंडाला पिवळा मुलामा दिलेला होता. ज्या यंत्राचं सगळं काम चुंबकीय क्षेत्र ओळखण्याचं, त्याच्या पायात लोखंड! मी नागदेवी स्ट्रीटवरून त्याच आट्याचा पितळी स्क्रू ४० रुपयांना आणून बसवला. दुकानात जाऊन सांगितलं तेव्हा शेठनी आनाकानी न करता पीस बदलून द्यायची तयारी दाखवली. पण दोष त्यांच्याकडचा नव्हता, बनवणाऱ्याचा होता. आणि हा दोष बनवणाऱ्यानं करू नये असा आहे. मुलगा प्रयोग करून चुकीचा आकडा लिहितो, आपणच चुकलो असं समजतो, आणि विषयावरून त्याचं मन उडतं.

दुसरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल. दोन पानांची झेरॉक्स, त्यात चार वाचनं घ्या असं लिहिलंय. चार पुरत नाहीत, सोळा लागतात. प्रत्येक वाचन कुठली ना कुठली चूक खोडतं. सुईची दोन्ही टोकं वाचायची, कारण तिचा अक्ष वर्तुळाच्या बरोबर मध्यावर असतोच असं नाही. मग पेटी १८० अंशांत फिरवून पुन्हा वाचायचं, कारण ० ची रेघ नेमकी आडवी नसते. मग सुई उचलून, उलटी करून त्याच धारांवर ठेवायची, कारण तिचं चुंबकत्व तिच्या लांबीच्या रेषेतच असेल असं नाही. आणि शेवटी बार मॅग्नेट घासून सुईचे ध्रुव बदलायचे, म्हणजे उत्तर टोक दक्षिण होतं, आणि हे सगळं पुन्हा करायचं. हे शेवटचं सगळ्यांना नकोसं वाटतं, पण सुईचं एक टोक कणभर जड असेल तर ती चूक दुसऱ्या कशानंही जात नाही. घासायला बार मॅग्नेट पेटीत मिळत नाही, वेगळे घ्या.

घरी पहिलं वाचन घेतलं. लालबागची आमची जुनी चाळ, छताला लोखंडी गर्डर. बाहेरच्या खोलीत सुई ४१ अंशांवर थांबली, स्वयंपाकघरात १८ वर. गच्चीवर पाण्याची टाकी आणि डिशचे खांब. सई म्हणाली, "काकू, यंत्र बिघडलंय." यंत्र बिघडलं नव्हतं, मुंबई लोखंडाने भरलेली आहे.

हे काही आजचं नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या उद्रेकामुळे जे प्रचंड चुंबकीय वादळ आलं, त्याची जगातल्या मोजक्या चांगल्या नोंदींपैकी एक कुलाब्याची आहे. मग मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून वाहणार, आणि नाजूक सुया त्याने थरथरणार. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं. १९०४ मध्ये तिथे वेधशाळा सुरू झाली, आणि दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे जोडीने मोजणी चालली, म्हणजे जुन्या नोंदींचा धागा तुटू नये. त्या दोन वर्षांबद्दल मला फार आदर वाटतो. ट्राम १९०७ मध्ये धावल्या आणि १९६४ मध्ये बंदही झाल्या. माझ्या सासूबाई त्यांच्या आठवणी सांगायच्या. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे.

एप्रिलच्या एका रविवारी आम्ही दोघी पहाटेची बोरीवली लोकल पकडली, गोराई खाडीची होडी घेतली आणि किनाऱ्यावर वस्तीपासून लांब जाऊन बसलो. घड्याळं, मोबाइल, सईची छत्री, सगळं पन्नास पावलांवर ठेवलं. आधी पेटी फिरवत फिरवत सुई नेमकी उभी, ९० वर येईल अशी जागा शोधायची. त्या जागी वर्तुळ पूर्व-पश्चिम असतं, आडवं खेचणारं बळ सुईला फिरवूच शकत नाही, फक्त उभं बळ उरतं. तिथून आडवी चकती मोजून ९० अंश फिरवली की वर्तुळ उत्तर-दक्षिण होतं. सोळा वाचनं घ्यायला पावणेदोन तास लागले. सर्वांत कमी २३, सर्वांत जास्त ३१. सरासरी आली २६.९.

मुंबईची आजची नती २६-२७ अंशांच्या आसपास आहे. ३,४०० रुपयांच्या यंत्रानं, एक स्क्रू बदलून आणि सोळा वेळा मान खाली घालून, एवढं बरोबर उत्तर दिलं. मी वाळूत बसून ती बेरीज दोनदा तपासली.

आता जी गोष्ट सईला हवी होती ती.

पृथ्वीचं क्षेत्र तिच्या आसाच्या रेषेत ठेवलेल्या एका चुंबकासारखं धरलं तर नती आणि अक्षांश यांचं सोपं नातं निघतं: नतीचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट. मुंबईचा अक्षांश १९. सूत्रानं नती यायला हवी साडेचौतीस अंशांच्या जवळ. आम्हाला मिळाली २७. सईचा चेहरा पडला. माझ्या मते या यंत्राची खरी किंमत इथेच वसूल होते, कारण पुस्तकातलं सूत्र आणि हातातला आकडा यांतलं हे अंतर कुणी सांगून कळत नाही, ते स्वतः मोजूनच कळतं.

अंतर यासाठी की पृथ्वीचं क्षेत्र एका दिवशी, एका शतकात कधीच इतकं नीटनेटकं नसतं. गाभ्यातलं वितळलेलं लोखंड हलत राहतं, चुंबकीय ध्रुव भटकतो, नती आणि दिक्पात (सुई खऱ्या उत्तरेपासून किती बाजूला वळते तो कोन) बदलत राहतात. काही हजार वर्षांची सरासरी घेतली तर मात्र हे भटकणं एकमेकांना खोडतं आणि चुंबक आसाच्या रेषेत येऊन बसतो. माझी सोळा वाचनं यंत्राच्या चुका खोडतात. पृथ्वीच्या भटकंतीची सरासरी काढायची तर वेगवेगळ्या काळांत थिजलेले लाव्ह्याचे बरेच थर लागतात. एका थराची साक्ष म्हणजे एका क्षणाचा फोटो. म्हणून हे काम करणारी माणसं घाटात एका दगडावर थांबत नाहीत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत थर मोजत चढतात. दख्खनचे थर या कामासाठी वरदान आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, एकावर एक रचलेले, आजही साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले.

दगडात सुई कशी गोठते? लाव्हा बाहेर येतो तेव्हा हजार अंशांच्या वर तापलेला असतो. थिजताना त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण तयार होतात. ५८० अंश सेल्सिअसच्या वर मॅग्नेटाइटला चुंबकत्व धरून ठेवता येत नाही, टायटॅनियम मिसळलेलं असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. त्या तापमानाखाली दगड उतरला की त्या वेळचं क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा कणांत पक्की होते. पुढे जमीन सरकली, वळली, कलली तरी ती दिशा दगडासोबत जाते.

हे घरात दाखवायला मी सासूबाईंचा वरवंटा काढला. काळा बेसाल्टच तो, म्हणजे थिजलेला लाव्हा. होकायंत्र टेबलावर स्थिर करून वरवंट्याचं एक टोक सुईच्या बाजूला अगदी जवळ आणलं: सुई अंश-दीड अंश सरकली. वरवंटा फिरवून दुसरं टोक आणलं: सुई तेवढीच, पण उलट्या बाजूला. नुसतं लोखंड असतं तर दोन्ही टोकांनी सारखंच ओढलं असतं. टोक बदलल्यावर दिशा बदलली म्हणजे दगडाचं स्वतःचं चुंबकत्व आहे. सई तो वरवंटा पुन्हापुन्हा फिरवत राहिली. मग तिनं स्वतःच विचारलं, हा वरवंटा खाणीत कसा आडवा-उभा होता ते कसं कळणार? नाही कळणार. पाथरवटानं तो काढला, घडवला, त्याची दिशा हरवली. म्हणून संशोधक दगड फोडून घरी आणत नाहीत. पाण्यानं गार राहणाऱ्या हिऱ्याच्या नळीने अडीच सेंटीमीटर जाडीची कांडी जागेवरच कापतात, आणि ती सोडवण्याआधी तिच्यावर दिशेची रेघ आखतात. दिशा घ्यायला साधं होकायंत्र चालत नाही, कारण भोवतालचा बेसाल्टच त्याला भुलवतो. सूर्याच्या सावलीवरून आणि घड्याळावरून दिशा काढतात.

डिप सर्कलनं कांडीतली दिशा मोजता येत नाही हे स्पष्ट सांगते, नाहीतर कोणी त्या आशेनं घेईल. तेवढं क्षीण क्षेत्र पकडायला वेगळी यंत्रं लागतात. त्यांतल्या एका यंत्राची गोष्ट मला लॅबमधली बाई म्हणून फार आवडते. पॅट्रिक ब्लॅकेट, १९४८ चे नोबेल विजेते, यांना तपासायचं होतं की कुठल्याही फिरणाऱ्या जड वस्तूला आपोआप चुंबकत्व येतं का. त्यासाठी त्यांनी कमालीचा संवेदनशील चुंबकमापक बांधला. एका दांडीवर दोन सुया उलट तोंडांनी, म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र आपसांत खोडलं जाईल आणि जवळच्या वस्तूचं क्षीण क्षेत्र तेवढं जाणवेल. समोर ठेवला पंधरा किलोंचा सोन्याचा दंडगोल. उत्तर आलं: नाही, असं चुंबकत्व येत नाही, आणि १९५२ मध्ये त्यांनी तसं छापलं. कल्पना गेली, पण तसं यंत्र दगड मोजायला जणू बेतलेलं होतं. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांच्याच गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनचे दगड मोजून १९५६ मध्ये निष्कर्ष छापले, भूखंड सरकतात ही गोष्ट बहुतेकांना पटायच्या कितीतरी आधी. नंतर कुलाब्यालाच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे, लिखिते यांनी दख्खनच्या बेसाल्टचं चुंबकत्व वर्षानुवर्षं तपासलं, त्यासाठी लागणारी उपकरणंही तिथेच बांधली.

या कामात मोजण्याआधी दगड धुवावाही लागतो, म्हणजे चुंबकीय अर्थानं. लाखो वर्षं आजच्या क्षेत्रात पडून राहिल्यानं जुन्या दिशेवर नवी दिशा चढते. वीज पडली तर दगडाची सगळी स्मृतीच बदलते. म्हणून क्षेत्र शून्य केलेल्या भट्टीत कांडी थोडी तापवायची, मोजायची, आणखी तापवायची, पुन्हा मोजायची. कच्चं चुंबकत्व आधी सुटतं, मूळचं शेवटपर्यंत टिकतं.

इतकं करून दख्खनच्या बहुतेक थरांत काय सापडतं? सुई आग्नेयेकडे तोंड करून सुमारे ४५ अंश खाली. हेच सईला दिसत नव्हतं: दक्षिणेकडे का, आणि खाली का. मी कणकेचा मोठा गोळा केला, आत बार मॅग्नेट खोचला, शिवणाची सुई चुंबकानं घासून मध्यावर दोरा बांधून गोळ्याभोवती फिरवली. वरच्या अर्ध्यात सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे आणि खाली. मधे आडवं. खालच्या अर्ध्यात उत्तरेकडेच, पण वर उचललेलं. मग मॅग्नेट काढून उलटा खोचला, कारण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटतात. फ्रान्समधल्या लाव्ह्यात बर्नार ब्रूनेस यांनी असं उलटं चुंबकत्व १९०६ मध्येच दाखवलं होतं. आता वरच्या अर्ध्यात सुई दक्षिणेकडे आणि वर, खालच्या अर्ध्यात दक्षिणेकडे आणि खाली. दक्षिणेकडे आणि खाली! सईनं गोळ्याच्या खालच्या भागावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

सह्याद्रीच्या वरच्या काही थरांत हीच सुई वायव्येकडे तोंड करून वर उचललेली मिळते. तेव्हा क्षेत्र सुलट झालं होतं, जमीन तिथेच होती. एकाच रचलेल्या भिंतीत दोन विरुद्ध दिशा, एकमेकींच्या नेमक्या उलट, आणि दोन्हींचं म्हणणं एकच: जमीन विषुववृत्ताच्या खाली होती.

४५ चा टॅन १. त्याच्या निम्मे ०.५. म्हणजे अक्षांश साडेसव्वीस अंश दक्षिण. थरांगणिक आकडे थोडे हलतात, २५ ते ३० अंश दक्षिण धरा. आज आपण १९ उत्तरेला. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे अंदाजे पाच हजार किलोमीटर उत्तरेकडे प्रवास. ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागलं तर वर्षाला साडेसात सेंटीमीटर. ही सरासरी झाली. आशियाला धडकण्यापूर्वी भारत वर्षाला १५ सेंटीमीटरच्या वर धावत होता, नंतर खूप मंदावला. आणि सुई नेमकी दक्षिणेकडे नसून आग्नेयेकडे आहे, त्यावरून हा सगळा तुकडा घड्याळाच्या उलट दिशेनं २५-३० अंश वळलाय हेही कळतं. नतीवरून अक्षांश, दिक्पातावरून वळण. याच दोन आकड्यांनी स्पेन-पोर्तुगालचा तुकडा फ्रान्सपासून घड्याळाच्या उलट दिशेनं सुमारे ३५ अंश वळल्याचं दाखवलं, आणि कॅलिफोर्नियातल्या पश्चिमेकडच्या आडव्या डोंगररांगा जवळजवळ काटकोनात फिरल्याचं.

रेखांश मात्र यातून मिळत नाही. चुंबक आसाच्या रेषेत असेल तर एका अक्षांशावर पृथ्वीभोवती सगळीकडे नती सारखीच, पूर्व-पश्चिम ओळखायला खूणच उरत नाही. ती समुद्रतळाच्या दगडांतल्या सुलट-उलट चुंबकत्वाच्या पट्ट्यांवरून आणि इतर पुराव्यांवरून ठरवावी लागते. सईच्या नोट्समध्ये हे एका ओळीत होतं. गोळ्याभोवती सुई आडवी फिरवली तेव्हा तिला ते आपोआप कळलं.

मुंबईकरांनी आणखी एक लक्षात ठेवायला हवं. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या आसपास ते वाकतात, आणि मुंबईत समुद्राच्या बाजूला दहा-पंधरा अंश कललेले मिळतात. इथल्या दगडातली सुई जशीच्या तशी वाचली तर नतीत देशाचा प्रवास आणि किनाऱ्याचं वाकणं दोन्ही मिसळतील. आधी थराचा कल मोजायचा, कागदावर थर आडवा करायचा, मग सुई वाचायची. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब बघायला गेलो होतो तेव्हा सईनं हे मला समजावलं. त्या दिवशी शिकवणारी ती होती.

मोबाइलवरचं ॲप नती फुकट दाखवतं, मग यंत्र कशाला, असं मला दोघातिघांनी विचारलं. ॲप वाईट नाही. गोराईलाच नंतर लावून बघितलं, २६ ते २८ च्या मधे हलत होतं. पटकन आकडा हवा तर ॲप पुरे. पण ॲपमध्ये दिसतो आकडा, आणि इथे पोलादाची एक पट्टी कोणी हात न लावता जमिनीकडे झुकते आणि तिथेच राहते. ज्याला "दिसत नाही" त्याला हे दाखवावं लागतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा लोखंडी स्क्रूचा कापला, अर्धा माहितीपत्रकाचा, आणि अर्धा सुईसाठी वेगळी बंद डबी नाही म्हणून. मुंबईच्या दमट हवेत महिन्याभरातच तिच्यावर गंजाचा ठिपका आला होता. मी आता तिला शिवणयंत्राच्या तेलाचं बोट लावून, तांदळाच्या पुरचुंडीसोबत स्टीलच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या डबीत ठेवते. अक्षाला मात्र तेल लावू नका, धूळ धरते.

दुकानात अजून दोन पीस आहेत. काचेचं दार सैल असलेला चालेल, कागदाची घडी सरकवली की बसतं. सुई अडकणारा घेऊ नका. जाताना खिशात छोटं होकायंत्र न्या आणि तिन्ही पायांशी धरून बघा. शेठ रागावत नाहीत, माझ्यानंतर त्यांनी स्वतःच एक होकायंत्र गल्ल्याशेजारी ठेवलंय. माझं यंत्र सध्या सईच्या कॉलेजात आहे. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये ती ते घाटात नेणार आहे.